आगीचे नियम लिहिताना काम करणारी माणसं कुठे असतात?

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री उत्तर गोव्यातल्या हडफडे गावात नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली, आणि पुढचे कितीतरी दिवस गोव्यात चहाच्या गाड्यापासून मंत्र्याच्या केबिनपर्यंत एकच विषय होता. लायसन्स कुणी दिलं, एनओसी होती का, पंचायतीने डोळे का मिटले, मालक देशाबाहेर गेले कसे. हे प्रश्न विचारायलाच हवे होते, त्यात काही वाद नाही. पण एक प्रश्न मला त्या सगळ्या गदारोळात कुठेच ऐकू आला नाही. जे नियम पाळले नाहीत म्हणून आपण सगळे ओरडतोय ते नियम लिहिले कुणी, आणि लिहिण्याच्या बैठकीला कोण कोण होतं?

माझं म्हणणं सरळ आहे. आग विझवणारा जवान, वायरिंग ओढणारा इलेक्ट्रिशियन, आग विझवायचे सिलिंडर भरून देणारा टेक्निशियन, फ्रायरसमोर उभा राहणारा कुक, हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी नर्स, ही माणसं स्टँडर्ड ठरवण्याच्या कामात शिरत नाहीत तोपर्यंत आपली स्टँडर्डं पुस्तकात बरोबर आणि जागेवर अर्धी लंगडीच राहणार. आणि दुसरं जे म्हणणार आहे ते आमच्याच लोकांना झोंबेल: त्यांना शिरायला कुणी आडवं येत नाहीये, आपणच त्या बाजूला फिरकत नाही.

आता हे स्टँडर्ड प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं हे सगळं फायर ब्रिगेडवाले ठरवतात. इमारतीतल्या आगीसाठी आपल्याकडचं मुख्य पुस्तक म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, त्यातला भाग ४. पहिला कोड १९७० चा, मग १९८३, मग २००५, आणि आता सगळे ज्याचा दाखला देतात तो २०१६ चा. तो काढते बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. शिवाय एकेका गोष्टीचं वेगळं स्टँडर्ड असतं, एक्स्टिंग्विशर म्हणजे भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर कुठला निवडायचा, कुठे लावायचा, कसा सांभाळायचा ते आयएस २१९० मध्ये, अलार्म आणि डिटेक्टरचं आयएस २१८९, हायड्रंट आणि होजरील म्हणजे बंबाच्या पाण्याचे नळ आणि पाइप यांचं आयएस ३८४४, आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं आयएस १५१०५. कोड हा आपोआप कायदा होत नाही, राज्याने आपल्या नियमात घेतला की मग तो बांधतो. गोव्याचा फायर फोर्सचा कायदा १९८६ चा, बांधकामाचे नियम २०१० चे. म्हणजे दिल्लीत एका कमिटीने लिहिलेलं वाक्य फिरत फिरत पणजीला सांतिनेजच्या फायर मुख्यालयात येतं आणि तिथून तपासणीच्या कागदावर बसून कळंगुटच्या हॉटेलात माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्यासमोर येऊन उभं राहतं. त्या वाक्याच्या प्रवासात ज्याला रोज त्या यंत्राला हात लावायचा असतो तो माणूस शेवटच्या टोकाला असतो, आणि त्याच्याकडे फक्त सही मागितली जाते.

बीआयएसच्या कमिट्यांत कोण असतं? उत्पादक असतात, सरकारी खाती असतात, प्रयोगशाळा, प्राध्यापक, ग्राहकांच्या वतीने कुणी. यात वाईट काही नाही, हे लोक हवेतच. पण उत्पादकाला मीटिंगला जायला कंपनी तिकीट काढून देते, त्याचा पगार चालू असतो, उलट तेच त्याचं काम असतं. सरकारी अधिकाऱ्याचंही तसंच. म्हापशाच्या इलेक्ट्रिशियनने दिल्लीला जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवून स्वतःच्या खिशातून जायचं. मग कोण जाणार?

आणि हा माणूस न गेल्याने नक्की काय बुडतं ते सांगतो, कारण नुसतं 'प्रॅक्टिकल अनुभव महत्त्वाचा' म्हणून काही होत नाही, ते भाषण सगळेच देतात.

आमच्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंखवाली वाळवी निघते. दिव्याभोवती थवेच्या थवे. त्यातला एखादा किडा स्मोक डिटेक्टरच्या आत शिरला की डिटेक्टरला तो धूरच वाटतो, कारण आत प्रकाश विखुरला गेला एवढंच त्याला कळतं, किडा का धूर हे कळत नाही. वर हवेतला दमटपणा, बाथरूमची वाफ. मग रात्री दोन वाजता हूटर वाजतो, पाहुणे नाइट ड्रेसमध्ये कॉरिडॉरला, रिसेप्शनवरचा पोरगा घाबराघुबरा, आणि कुणीतरी वरिष्ठ फोनवर ओरडतो की आधी तो आवाज बंद करा. एकदा होतं, दोनदा होतं, तिसऱ्या वेळी तो झोनच अलार्मच्या पॅनेलवरून आयसोलेट करून टाकतात. म्हणजे त्या मजल्यावरच्या डिटेक्टरांचं पॅनेल ऐकणारच नाही. पॅनेल बिचारं पिवळा दिवा लावून सांगत राहतं की इथे काहीतरी बंद आहे, आणि त्या पिवळ्या दिव्यावर सेलोटेपने कागदाचा तुकडा चिकटवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, कारण तो दिवा बघून पाहुणे प्रश्न विचारतात. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, रंगरंगोटी होते, नवे पडदे येतात, झोन आयसोलेटच असतो.

आता यात नियम कुणी मोडला? सगळ्यांनीच, मान्य. पण ज्याने हे दहा हॉटेलांत पाहिलंय त्याला कोडमध्ये काय लिहायला हवं ते लगेच सुचतं. आयसोलेट केलेला झोन ठराविक तासांनी आपोआप परत चालू व्हायला पाहिजे, किंवा निदान त्याची नोंद पुसता येऊ नये. डिटेक्टर साफ करण्याचं वेळापत्रक किनाऱ्यावर आणि जोरदार पावसाच्या भागात वेगळं असावं, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा पावसाच्या मध्यावर. तपासणीला येणाऱ्याने पॅनेलचा मागचा इतिहास बघावा, आजचा हिरवा दिवा बघून जाऊ नये. हे सुचायला पीएचडी लागत नाही, पण एसी केबिनमध्ये बसून हे सुचणारही नाही.

सिलिंडरचंही असंच. आमच्याकडे सिलिंडर बघायला फोंड्याकडचा एक पोरगा येतो, विशीतला, डिप्लोमा पूर्ण नाही केला पण हात पक्का. सगळ्यांना वाटतं गेजचा काटा हिरव्यात आहे म्हणजे झालं. तो काटा कधीच बघत नाही पहिल्यांदा. सिलिंडर हातात घेतो, उलटा करतो, बुडाला रबरी हातोडीने हलकं ठोकतो आणि आतली पावडर सरकतेय का ते हाताला लागतं का बघतो, कारण दमट हवेत पावडर गठ्ठ होऊन बसते, दाब व्यवस्थित असतो पण नळीतून बाहेर यायला मोकळी पावडरच नसते. "दादा, काटा खारट हवेने गंजून हिरव्यातच अडकलेला असतो कधी कधी, तो मेला तरी हिरवाच दाखवणार." सीओटूच्या सिलिंडरला तर गेजच नसतो, तो वजन करूनच कळतो, म्हणून पोरगा पिशवीत वजनाचा ताणकाटा घेऊन फिरतो. किती तपासणीवाल्यांच्या हातात ताणकाटा बघितलाय? मी नाही बघितला.

आयएस २१९० मध्ये देखभालीचं वेळापत्रक आहे, प्रेशर टेस्ट कधी, कुठल्याही जागेपासून सिलिंडर १५ मीटरच्या आत हवा, सगळं आहे. कागद म्हणून चांगलं आहे ते, मी टिंगल करत नाहीये. पण समुद्रापासून शंभर पावलांवर उघड्या व्हरांड्यात टांगलेला सिलिंडर आणि नागपूरच्या बँकेत एसीत टांगलेला सिलिंडर यांचं म्हातारपण सारख्या वेगाने येत नाही, हे त्या पोराला जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच नाही. उद्या त्याने आपल्या वहीत दहा वर्षं नोंद ठेवली, कुठल्या गावातला सिलिंडर किती महिन्यांत खराब निघाला, तर ती वही म्हणजे कमिटीसाठी सोनं आहे. पण त्याला कुणी विचारणार नाही, आणि अशी काही कमिटी असते हे त्यालाही माहीत नाही.

अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडायच्या सोयीची गोष्ट तर आमच्या सगळ्या इलेक्ट्रिशियन लोकांना पाठ आहे. सड्यावर चिऱ्याची जमीन, ऑगस्टमध्ये भिजून चिंब, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याचं रीडिंग घेतलं तर झकास येतं. तोच खड्डा मे महिन्यात मोजा, जमीन कोरडी ठणठणीत, रीडिंग बघून घाम फुटेल. सर्टिफिकेटवर तारीख असते, पण ती पावसातली आहे का उन्हातली याकडे बघायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि शॉर्ट सर्किट म्हणून आपण पेपरात जे वाचतो त्यातलं पुष्कळसं अशा कंटाळवाण्या गोष्टींतून येतं, ढिला जॉइंट, ओव्हरलोड, जुनी वायर, न चालणारं अर्थिंग. सिनेमात दाखवण्यासारखं त्यात काहीच नसतं.

गावातल्या रस्त्यांचं बोलायचं तर उंच इमारतींसाठी कोड सांगतो की फायरच्या गाडीला वळायला ९ मीटर त्रिज्या हवी, भोवतालची जागा ४५ टन पेलणारी हवी. उत्तम. आता आमचे वाडे बघा. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला माड, मध्ये एक रिक्षा आणि एक ॲक्टिव्हा जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी कुणाच्या तरी आज्याच्या घराचं केलेलं रेस्टॉरंट. हडफड्यालाही गाड्या आत नेता आल्या नाहीत, लांब उभ्या कराव्या लागल्या. असल्या जागी जास्त मोठा बंब घेऊन काय करायचं? तिथे छोटी गाडी हवी, रस्त्याच्या तोंडाशी पाइपाचं कनेक्शन हवं म्हणजे बंब तिथेच थांबून आत पाणी ढकलेल, गावातल्या विहिरी आणि तळ्यांवर पंप लावायची जागा आधीच ठरवलेली हवी. हे मला कुणी इंजिनिअरने नाही सांगितलं, फायरमधल्या एका निवृत्त माणसाने सांगितलं, ज्याने म्हापसा-पेडण्याकडे आयुष्य काढलं. तो असं बोलतो की ऐकत राहावं. आणि तो निवृत्त झाल्यावर त्याचा तो सगळा अनुभव त्याच्याबरोबर घरी गेला, कुठल्या खात्याने त्याच्याकडून चार पानं लिहून घेतली नाहीत.

जुन्या घरांचा विषय वेगळाच आहे. वासे, रिपा, लाकडी सिलिंग, वर मंगळूरी कौलं. पणजीच्या फोंतेन्हासपासून आसगावपर्यंत अशा घरांत कॅफे आणि गेस्ट हाऊस झालेत. घराला हात लावला तर हेरिटेजवाले ओरडणार, नाही लावला तर फायरवाले. आणि किनाऱ्यावरचे शॅक? बांबू आणि माडाची झापं, दर सीझनला बांधायची, दर पावसाळ्याला उतरवायची. तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस ८७५८ म्हणून एक स्टँडर्ड आहे, पण ते मुख्यतः मांडव डोळ्यासमोर ठेवून केलेलं. ज्या शॅकमध्ये आठ महिने रोज गॅसवर किचन चालतं, वर फेअरी लाइटच्या माळा, वाळूतून ओढलेली केबल, तो मांडव म्हणायचा का इमारत? यावर बोलायचा पहिला हक्क शॅक बांधणाऱ्या सुताराचा आणि तिथे मासे तळणाऱ्याचा आहे असं मला वाटतं.

किचनवर थोडं थांबतो. हडफड्यात जी माणसं गेली त्यातली बहुतेक पर्यटक नव्हती, स्टाफ होता. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इकडून पोटासाठी आलेली पोरं, त्यातली कितीतरी खालच्या किचनच्या भागात धुराने गुदमरली. आपण नियम लिहिताना कायम गिऱ्हाईकाचा विचार करतो, डान्स फ्लोअरवर किती माणसं, मुख्य दरवाजा किती रुंद, एक्झिटचा हिरवा बोर्ड कुठे. किचनमधल्या माणसाचा बाहेरचा रस्ता हा बहुतेक जागी स्टोअर रूममधून जातो, आणि स्टोअर रूममध्ये बिअरचे क्रेट रचलेले असतात, कारण क्रेट ठेवायला दुसरी जागा आर्किटेक्टने दिलेलीच नसते. कुकला विचारा, तो सांगेल की डिलिव्हरी कुठल्या दिवशी येते आणि त्या दिवशी मागचं दार उघडतं का नाही. नकाशावर ते दार रोज उघडं असतं.

हॉस्पिटलांचंही तेच. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याला नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. रात्री दोन नर्सनी किती बाळं उचलून किती वेळात कुठल्या दारातून बाहेर न्यायची, हे गणित नर्सशिवाय दुसरं कोण मांडू शकेल?

आता लोक म्हणणार, आणि म्हणतातच, की अरे स्टँडर्ड चांगलंच आहे, रोग आहे तो अंमलबजावणीचा. पैसे खाऊन एनओसी देतात, स्टँडर्डला काय दोष? हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. दिल्लीचं उपहार थिएटर १९९७, ५९ बळी. मुंबईची कमला मिल २०१७, १४ बळी. राजकोटचं गेमझोन मे २०२४, २७ बळी. या प्रत्येक वेळी लिहिलेले नियम होते आणि ते कुणीतरी तुडवले होते. त्यात शंका नाही, आणि जे जबाबदार त्यांना सोडू नये. पण माझा अनुभव असा की जो नियम जागेवर बसत नाही तोच सगळ्यात आधी विकला जातो. इन्स्पेक्टरला माहीत असतं की हे इथे शक्य नाही, मालकाला माहीत असतं की शक्य नाही, मग दोघांच्या मध्ये जी पोकळी राहते त्यात पाकीट फिरतं. जुन्या घरात कोडप्रमाणे जिना रुंद करणं अशक्य असेल आणि कोडने दुसरा कुठला वापरता येण्यासारखा मार्ग सांगितला नसेल, तर तिथे एकतर धंदा बंद किंवा डोळेझाक, आणि गोव्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. काम करणाऱ्याने मदत केलेला नियम जास्त कडक असेल असंही नाही, जास्त सैल असेल असंही नाही, पण 'हे इथे होत नाही हो' ही सबब त्याला लागू पडणार नाही.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. कामातली माणसं म्हणजे धंद्यातली माणसं, आणि धंद्यातला माणूस स्वतःच्या फायद्याचाच नियम लिहिणार, स्प्रिंकलरवाला म्हणणार सगळीकडे स्प्रिंकलर लावा, सिलिंडरवाला म्हणणार दर सहा महिन्यांनी रिफिल करा. खरं आहे, करतील. लंडनची ग्रेनफेल टॉवरची आग आठवा, जून २०१७, ७२ माणसं गेली. त्याच्या चौकशीचा शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आणि त्यात इमारतीला बाहेरून लावलेलं आवरण आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांच्या बाबतीत कसा अप्रामाणिकपणा केला ते तपशिलात मांडलंय. तिथले रहिवासी कितीतरी आधीपासून लेखी तक्रारी करत होते, ते कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणजे तिथे 'इंडस्ट्री' नव्हती असं नाही, इंडस्ट्री होतीच, पण एकाच बाजूची, विकणारी. वापरणारा, बसवणारा, राहणारा बाहेर. म्हणून मी जेव्हा कामातली माणसं म्हणतो तेव्हा फक्त कंपनीचा सेल्स हेड डोळ्यासमोर आणू नका.

यावर इलाज जगात आहे. अमेरिकेत एनएफपीए नावाची संस्था १८९६ पासून आगीचे कोड करते. त्यांच्या कमिटीत कुठल्याही एका हितसंबंधाचे लोक एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाहीत, उत्पादक वेगळे मोजतात, बसवणारे वेगळे, वापरणारे वेगळे, अंमलबजावणीवाले वेगळे, कामगार वेगळे. आणि सूचना कुणीही पाठवू शकतं, सदस्य असायची गरज नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइटक्लबमध्ये बँडच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि १०० माणसं गेली, बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. हडफड्याची बातमी वाचताना मला तेच आठवत होतं. पण पुढे काय झालं ते बघा: त्याच वर्षी कोडमध्ये बदल केला, नव्या नाइटक्लबना आणि १०० पेक्षा जास्त माणसं मावणाऱ्या जुन्यांनाही स्प्रिंकलर, गर्दी सांभाळायला ट्रेनिंग घेतलेला माणूस. आणि सरकारी तंत्रज्ञांनी ती आग परत उभी करून, मोजून, सगळा अहवाल लोकांसमोर ठेवला. तिथे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही, तिथेही बिल्डर लॉबी आहेच. पण आग झाली आणि तिच्यातून कोडमध्ये वाक्य आलं, हे तिथे घडतं.

आपल्याकडे हडफड्यानंतर उत्तर गोवा जिल्हा प्रशासनाने क्लब-हॉटेलांत आतषबाजीला बंदी करणारा आदेश काढला. ठीक, काढायलाच हवा होता. पण आदेशाची मुदत संपते आणि तो काढणाऱ्याची बदली होते, स्टँडर्ड तिथेच राहतं.

आता आमच्या लोकांकडे वळतो. बीआयएस नवं स्टँडर्ड किंवा बदल करण्याआधी मसुदा लोकांसाठी उघडा ठेवते, साधारण महिना-दोन महिने, आणि कुणीही त्यावर मत पाठवू शकतं. कलम नंबर, हरकत काय, बदल काय हवा, का हवा, एवढंच लिहायचं असतं. स्टँडर्डं आता साइटवर नाव नोंदवून फुकट उतरवता येतात, पूर्वीसारखे पैसे भरावे लागत नाहीत. प्रत्येक स्टँडर्डचा पाच वर्षांत एकदा तरी फेरविचार व्हायचा असतो. म्हणजे संधी येत राहते. तरीही माझ्या ओळखीतल्या, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतल्या सेफ्टी ऑफिसरांपासून ते हॉटेलवाल्या मेंटेनन्स चीफपर्यंत, कुणी एक ओळ पाठवल्याचं मला ठाऊक नाही. जानेवारी २०२३ ला पिळर्णच्या रंगाच्या कारखान्याची आग झाली, किती दिवस तिची चर्चा, आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकाने काय काय अक्कल पाजळली होती. केमिकल साठवणुकीवर, फोमवर, पाण्यावर. त्यातल्या निम्म्या गोष्टी खरंच कामाच्या होत्या. त्या ग्रुपवरच राहिल्या, खाली गुड मॉर्निंगची फुलं आली.

कारणं मला कळतात. इंग्रजी हे पहिलं कारण, आणि कोडचं इंग्रजी तर इंग्रजीवाल्यांनाही कळत नाही. वेळ हे दुसरं. तिसरं म्हणजे भीती, आणि यावर उघडपणे कुणी बोलत नाही. फायर सर्व्हिसमधला माणूस शिस्तीत बांधलेला, त्याने लिहिलं की आमच्या गाड्या या वाटेत जात नाहीत तर उद्या त्यालाच विचारणार की तू हे बाहेर का बोललास. हॉटेलातल्याने लिहिलं की डिटेक्टर आयसोलेट करतात तर पहिला प्रश्न येणार, कुठल्या हॉटेलात? म्हणून नाव न देता, संस्थेमार्फत मत जाण्याची सोय हवी, नाहीतर सगळे फक्त गोड गोड लिहिणार.

गोवा लहान आहे याचा इथे फायदा आहे, एरवी आपण लहानपणाचं रडगाणं गातो. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आल्तिनोवर आर्किटेक्चर कॉलेज आहे, तिथेच फॅक्टरीज आणि बॉयलर्सचं इन्स्पेक्टोरेट आहे. मसुदा आला की या पोरांनी तो सोप्या मराठीत आणि कोंकणीत चार पानांत करायचा, ज्याला त्याचा भाग वाचायला द्यायचा, त्याचं बोलणं टिपून कलमवार इंग्रजीत घालायचं. विद्यार्थ्यांना त्याचे मार्क द्या, फायनल इयरचे किती प्रोजेक्ट नाहीतरी धूळ खात पडतात. सरकारने फक्त दोन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक मोठ्या आगीचा तांत्रिक अहवाल, दोषी कोण तो भाग बाजूला ठेवून, लोकांसमोर मांडावा: आग कुठे सुरू झाली, कशाने पसरली, काय चाललं, काय नाही चाललं. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, पण धूर जिन्यात कसा शिरला हे कळायला आम्ही दहा वर्षं थांबायचं का? दुसरं, जो इलेक्ट्रिशियन किंवा टेक्निशियन अशा कामाला येईल त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. चहा-बिस्किटांवर सल्ला मागायची सवय आता सोडायला हवी, आर्किटेक्टला फी देता तर वायरमनला का नाही?

आणि तो निवृत्त फायरवाला. असे कितीतरी असतील, मडगावला, वास्कोला, डिचोलीला. १४ एप्रिलला अग्निशमन दिन येतो, १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या आठवणीत, परेड होते, पाहुणे येतात, मुलांना पाण्याचे फवारे दाखवतात. त्या दिवशी या म्हाताऱ्यांना समोर खुर्चीवर बसवून शाल देण्यापेक्षा समोर माइक आणि शेजारी लिहून घेणारा द्या.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो, कारण मुंबई-दिल्लीवाले हे विसरतात. गोव्यातल्या कामातल्या लोकांना बोलवायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बोलवा. शॅक उतरलेले असतात, हॉटेलं अर्धी रिकामी, इलेक्ट्रिशियन मोकळा, कुक गावी गेला नसेल तर तोही येईल. नोव्हेंबर-डिसेंबरला मीटिंग ठेवलीत तर हॉलमध्ये परत तेच कंपनीवाले आणि साहेब लोक दिसतील, आणि मग मिनिट्समध्ये लिहून येईल की स्थानिकांनी प्रतिसाद दिला नाही.